मामांचा रिकामा रकाना

सरकारनं काढलेली एकही योजना अशी नसेल, जी आमच्या सौभाग्यवतींच्या मामांना सरकारच्या आधी ठाऊक नव्हती. विधवांची, निराधारांची, म्हाताऱ्यांची, अपंगांची, बाळंतिणींची, हातगाडीवाल्यांची, झाडून सगळ्या योजना मामांना तोंडपाठ. मंगळवार पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय. प्रत्यक्षात तिथे शर्ट शिवायला टाकणारा माणूस कुठला ना कुठला अर्ज भरून बाहेर पडतो आणि शर्ट त्याला पुढच्या महिन्यात मिळतो. मापाच्या वहीत डाव्या पानावर छाती, कंबर, बाही. उजव्या पानावर रेशनकार्डाचा रंग, घरात आजारी कोण, दाखले कुठले काढले आणि कुठले राहिले. गळ्यातली टेप हातात घेण्याआधीच मामा विचारतात, "छाती ऱ्हाऊ द्या पावणं. घरात कोण कोण हाय ते सांगा."

त्यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. लोकांनी भांडी दिली, चादरी दिल्या. मामांनी विवाहनोंदणीचा अर्ज दिला, तोही पूर्ण भरलेला! पंगतीत फिरून साक्षीदारांच्या सह्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या. एका सहीवर जिलेबीचा पाक होता. फोटोग्राफर आम्हाला "हसा, हसा" म्हणत होता आणि मामा त्याच्या मागून ओरडत होते, "हसू नका पावणं! अर्जाला हसरा फोटो चालत न्हाय!" त्यामुळे आमच्या लग्नाच्या अल्बमात मी पकडून आणल्यासारखा दिसतो. बायको अजून मला त्यावरून बोलते, मामांना मात्र एक शब्द बोलत नाही.

बरं, सांत्वनाला गेले तरी तेच. राधानगरीकडे नात्यातला एक कर्ता माणूस गेला. तिसऱ्याच दिवशी मामा हजर. घरभर हुंदके चाललेले आणि मामा त्याच्या बायकोला म्हणतात, "रडायचं हायच की आयुष्यभर. आधी मृत्यूचा दाखला काढा आनि धा झेरॉक्स मारा." तिच्या दिरानं मामांना दंडाला धरून अंगणात काढलं. मामा अंगणातून ओरडले, "धा न्हाय, पंधरा मारा!" पुढे त्या बाईला सरकारी मदत मिळाली, पेन्शन लागली, पोरांच्या शाळेचं झालं. आता तोच दीर दरवर्षी मामांच्या दारात तांदळाचं पोतं आणून टाकतो.

भाजी विकणाऱ्या आक्कांचा किस्सा तर आख्ख्या पेठेला पाठ आहे. अर्जात 'व्यवसाय' विचारल्यावर आक्का म्हणाल्या, "काय न्हाय लिव्हा." मामांचं डोकंच फिरलं. "काय न्हाय? पाटी डोक्यावर घिऊन गल्लोगल्ली कोन फिरतंय, मी? लिव्हतो बगा: भाजीविक्री, सोताचा धंदा!" पुढे एकदा आक्कांची पेन्शन बंद पडली, कारण त्यांची बोटं घासून गुळगुळीत झालेली आणि ठसा काही उमटेना. कारकुनानं हयातीचा पुरावा मागितला. मामांनी आक्कांना रिक्षात घालून थेट कचेरीच्या खिडकीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हं आक्का, करा सुरू." आक्कांनी दम न घेता ज्या काय शिव्या घातल्या! मामा शांतपणे कारकुनाला म्हणाले, "सायेब, मेलेल्या बाईला एवडं जमल काय?" आठवड्याभरात पेन्शन सुरू झाली.

मामांचे दोन नियम. पहिला, रकाना रिकामा सोडायचा नाही. "रिकामा रकाना दिसला की सायबाला जेवनाची सुट्टी आठवती," असं ते सांगतात. दुसरा नियम म्हणजे चोरखिसा. मामांनी शिवलेल्या प्रत्येक शर्टाला आतून एक खिसा असतो, कागद ठेवायला; तुम्ही मागा अगर नका मागू. त्यांच्या स्वतःच्या शर्टाला तेवढा नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला कशाला? माझा कसला आलाय कागद?"

आता मामींबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी मामींची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी जागेवर राहिली आणि ती पहिल्यापेक्षा धारदार झाली, असं मामा म्हणतात. तेव्हापासून बारा वाजले की दुकानाचं शटर खाली. मामींना भरवायचं, कूस बदलायची, हातपाय हलवून घ्यायचे आणि संध्याकाळी वेणी घालायची. मामांनी घातलेली वेणी शिवणीसारखी सरळ. "काज करायचं तेवडं राहिलंय," मामी म्हणतात.

मध्यंतरी मामींना उचलताना मामांचीच पाठ धरली. बघायला गेलो तर एक खाटेवर, एक खाली चटईवर, आणि दोघं एकमेकांना "हलू नका" म्हणतायत. मामांनी पडल्यापडल्याच हुकूम सोडला, "दुकानात जावा, खालच्या ड्रॉवरात आक्काचा दाखला हाय, तेवडा तिला पोचवा." मी गेलो. दाखला मिळाला. पण त्याच्याखाली पाच अर्ज होते, पाचही मामींच्या नावाचे. सरकारनं नमुना बदलला की मामांनी नवा अर्ज आणायचा आणि आपल्या वळणदार अक्षरात भरायचा, असं चार वर्षं चाललेलं. पाचही अर्जांत एकच रकाना कोरा होता. 'आजाराचे स्वरूप: तात्पुरते की कायमस्वरूपी.'

मला आधी संताप आला. गावाला पेन्शनी वाटत फिरणारा हा माणूस! मदत मिळाली असती, तर व्यायाम करून घ्यायला एखादी बाई ठेवता आली असती, दुकान दिवसभर चाललं असतं, पाठ धरली नसती. आक्कांना दाखला देऊन मी तरातरा परत गेलो आणि अर्ज चटईवर आपटले. "मामा, हा काय प्रकार?"

मामा म्हणाले, "नमुना जुना झालाय."

"हा पाचवा नवा आहे."

"पेनातली शाई संपलेली."

"पाचही वेळा?"

मामांनी तोंड भिंतीकडे केलं. खाटेवरून मामी म्हणाल्या, "शाई न्हाय पावणं, धीर संपलाय त्येंचा. रोज वेणी घालताना म्हंत्यात, दिवाळीपत्तुर हिंडाय लागशील. कुटली दिवाळी, त्ये इचारा की."

रागावायला आलेला मी आपटलेले अर्ज गोळा करू लागलो. मामींनी डावा हात पुढे केला. "द्या हिकडं." मी त्यांना माझं पेन दिलं आणि नव्या अर्जाखाली मामांच्या उशाशी पडलेली मापाची वही धरली. मामींनी पेन मुठीत धरलं आणि 'कायमस्वरूपी'वर खूण केली. ती रेघ थरथरत थेट समासाबाहेर गेली.

मामा मान वळवून बघत म्हणाले, "वाकडी आली. सायेब परत पाठवतील."

"पाठवू द्यात. दुसरी वडंन," मामी म्हणाल्या. "तुमची पाट गेली तर मला कोन हाय? येवडं कळंना व्हय तुमास्नी?"

मामांनी चटईवरून हात वर केला आणि मामींची खाटेवरून लोंबणारी वेणी नुसती धरून ठेवली. मी उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो, आणि मला चहा करता येत नाही.

पाठ सुटल्यावर आम्ही दोघं कचेरीत गेलो. ज्या खिडकीशी मामा नेहमी कुणाच्या तरी मागे उभे राहून खेकसायचे, तिथे आज ते रांगेत, गप्प. कारकुनानं हसून विचारलं, "आज कुणाचा अर्ज, मामा?" मामांनी शर्टाचं बटण काढून आत हात घातला. तेव्हा मला दिसला, आतल्या बाजूला ताजा शिवलेला चोरखिसा.

"आमच्या घरातला हाय," मामा म्हणाले.

कारकुनानं अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि त्या वाकड्या रेघेपाशी थांबला. "ही खूण?"

"तिनं केलीया. माझ्यानं न्हाय झाली."

त्यानं शिक्का मारून पोच दिली. मामांनी ती घडी घालून आतल्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मी त्यांना चहाचं विचारलं, तर त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पाठ सांभाळत चालू लागले.

"चला पावणं, तिची वेणी ऱ्हायलीया."