मेलेल्या माणसाचा पासवर्ड

"त्या खुर्चीत बसायची एवढी घाई झालीय का तुला?"

इस्पितळाच्या कारभारीण मादाम चिकापा हे म्हणाल्या, तेव्हा माझ्या कढईत मांडासीचा घाणा पडलेला होता. कचेरीच्या मागल्या खिडकीखाली माझी चूल. आमच्याकडे त्या गोड तळलेल्या गोळ्यांशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही, म्हणून इतकी वर्षं माझं पोट चाललं. खिडकीला काच नाही. आत कोण कुणाला काय बोललं, त्यासाठी मला वेगळे कान लावावे लागत नाहीत.

"खुर्ची नको मला, मादाम. नुसतं कॉम्प्युटरपाशी जाऊ द्या. उभ्याउभ्या करतो."

"म्वासेंच्या खोलीला त्यांच्या भाच्यानं कुलूप घातलंय. घरच्यांच्या डोक्यावरचे केस उतरेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही कुणी. तुझ्या घरी कधी कुणी मेलं नाही का?"

"मेले की. म्हणून तर माझं नाव मासाउको."

मासाउको म्हणजे हाल. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. असं झालं की पुढच्या पोराला आम्ही वाईटसं नाव ठेवतो, मरणाला त्याचा मोह पडू नये म्हणून. पोर जगलं. नावानं मात्र आपलं काम सोडलं नाही.

बाम्बो म्वासे, म्हणजे म्वासेबाबा, इस्पितळातले मोठे तंत्रज्ञ. डोंगरापलीकडे आणि सरोवराच्या काठाला आमचे छोटे दवाखाने आहेत. तिथे मोबाइल लागत नाही. प्रत्येक ठिकाणी टॉवर उभा करून, त्याच्यावर पेटी बसवून, म्वासेंनी तिथल्या नर्सेसना इस्पितळाशी बोलायला फोन दिले. पेशंट अवघड झाला की नर्सनं रिसीव्हर उचलायचा आणि इकडून गाडी निघायची. मासाउको त्यांचा हाताखालचा माणूस. शिडी धर, तार ओढ, शिव्या खा.

व्हरांड्यात टीव्हीसारखा एक पडदा टांगलेला होता आणि त्यावर प्रत्येक दवाखान्याचा एक ठिपका. पेटी जिवंत असली की हिरवा, नाहीतर लाल. मी एकदा मासाउकोला विचारलं, हे इथे बसून कसं कळतं रे? तर म्हणाला, "आगोगो," आजीला आम्ही तसंच म्हणतो, "म्वासेंच्या कॉम्प्युटरमध्ये एक राखणदार बसवलाय समजा. त्याच्यापाशी सगळ्या घरांच्या किल्ल्या. तो दिवसभर फिरतो, दार उघडतो, आत डोकावून विचारतो, बरं आहे ना? बरं असलं की हिरवा दिवा लावतो."

"आणि किल्ली लागली नाही तर?"

"तर बाहेर उभा राहून लाल दिवा लावतो. आत कुणी मेलंय की नुसतं कुलूप बदललंय, ते त्याला कळत नाही."

माणसालाही कुठे कळतं, मी म्हटलं. तो हसला होता.

तर म्वासे वारले. त्यांना मातीत ठेवलं आणि राजधानीतून हुकूम आला, सगळ्या पेट्यांचे पासवर्ड बदला. पेट्या बसवल्या तेव्हा म्वासेंनी आपल्याच नावाचा पासवर्ड सगळीकडे घातला होता आणि तो कधी बदलला नव्हता. मासाउको सायकल घेऊन निघाला. दवाखान्या-दवाखान्याला जाऊन पेटीचा पासवर्ड बदलून आला. उरलं काय, तर तीच नवी किल्ली राखणदाराच्या हातात द्यायची. आणि राखणदार कुलूपबंद खोलीत.

आमच्यात माणूस पुरला म्हणजे संपत नाही. घरच्यांचे केस उतरतात, मग त्याच्या वस्तू वाटतात. तोवर त्याच्या पाणी प्यायच्या कपालासुद्धा हात लावायचा नाही. जो लावेल त्याच्यावर बोट. लोक म्हणणार, ह्यालाच घाई होती, ह्यानंच काही केलं असेल. म्वासेंच्या जागी बसायला मासाउकोशिवाय दुसरा माणूस नव्हता, तेव्हा ते बोट कुणाकडे वळणार हे सांगायला नको.

त्या दिवशी खिडकीतून मासाउकोचं पुढचं बोलणं ऐकू आलं, "मादाम, सगळा पडदा लाल झालाय. आता खरंच कुठली पेटी मेली तर मला कशी कळणार?"

"थोडे दिवस लाल दिसलं तर कुणाचं काय बिघडतंय? तूच कुलपं बदललीस ना? मग लाल का आहे ते तुला ठाऊक आहे. गप बस."

त्याला भांडता आलं असतं. पण खुर्चीचं बोलणं वर्मी लागलं होतं. बाहेर आला, माझ्याकडून मांडासी घेतली आणि न खाताच हातात धरून उभा राहिला. तेल बोटांवरून ओघळत होतं.

मग त्या पडद्याची चेष्टाच झाली. येणारे-जाणारे म्हणायचे, काय मासाउको, टोमॅटो छान पिकलेत. नर्सा हसायच्या. मीही हसले, उगाच खोटं कशाला सांगू.

केस उतरले, वस्तू वाटल्या गेल्या, तेव्हा भाच्यानं किल्ली आणून मादामच्या टेबलावर ठेवली. मासाउको आत शिरला आणि खरोखरच उभ्याउभ्या कामाला लागला. एकेका दवाखान्यासमोर नवा पासवर्ड घालत गेला. मी चहाचे कप उचलायला व्हरांड्यात होते. ठिपके एकामागून एक हिरवे होत होते. बघायला मौज वाटत होती. शेवटी एकच लाल राहिला, सरोवराकाठचा नकोम्बे. त्यानं पासवर्ड पुन्हा घातला. आणखी एकदा घातला. मग तसाच धावत बाहेर आला आणि सायकल काढली.

नकोम्बेच्या टॉवरची बॅटरी गेलेली होती. कधी गेली ते कोण सांगणार? ठिपका लाल होता, लालच राहिला.

चढावर त्याला मास्तर बिन्दुला भेटले, नकोम्बेच्या शाळेतले. सायकल हातानं ढकलत होते. मागे त्यांची बायको बसलेली, तिच्या पाठीला बांधलेली त्यांची मुलगी तियांजाने. पोरीला मलेरिया चढला होता, रक्त द्यायला हवं होतं. नर्स फोन उचलून उचलून थकली, तेव्हा हे दोघे सायकलवर निघाले. मासाउकोनं पाहिलं, तर आईनं पाठीवरचं फडकं ओढून पोरीचं तोंड झाकलेलं होतं. तरी ते इस्पितळाकडेच चालले होते. त्यानं आपली सायकल वळवली आणि मागून त्यांची ढकलू लागला.

चौकशी झाली. मादामनी लिहून दिलं की पेट्यांचे पासवर्ड मासाउकोनं बदलले आणि त्यानंतर पडदा बिघडला. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. मासाउकोला विचारलं तेव्हा म्वासेंची बायको डोकं भादरलेली, समोरच्या बाकावर बसली होती. तिच्यासमोर तो काय बोलणार, तुमच्या सुतकापायी पोर गेली म्हणून? तो म्हणाला, हो, मीच बदलले.

मास्तर बिन्दुला एकदा माझ्या बाकावर येऊन बसले. मासाउको चहा पीत होता.

"लाल होतं का?" मास्तरांनी विचारलं.

"होतं."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं, बाम्बो."

"मग?"

"सगळंच लाल होतं, बाम्बो."

मी चहा दिला तो मास्तर प्यायले नाहीत. उठताना म्हणाले, "तू खोटं तरी बोलायचंस." आणि गेले.

नोकरी गेली नाही, कारण ते काम येणारं दुसरं कुणी नव्हतं. खुर्ची मिळाली, पण तो तिच्यात कधी बसला नाही. भिंतीकडची घडवंची ओढून घ्यायचा. पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली की एका पेटीचा बदलायचा, लगेच राखणदाराला द्यायचा, ठिपका हिरवा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि हिरवा झाला तरी त्याचा विश्वास नसायचा. सायकलवर जाऊन, तिथला रिसीव्हर उचलून, इस्पितळात कुणाशी तरी बोलून यायचा. लोक म्हणत, ह्याला वेड लागलंय. असेल. असल्या वेडाला औषध नसतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरनं सांगितलं त्याहून जास्त त्याला स्वतःला कळलं होतं. हाताखाली ताडाला नावाची नवी पोरगी आली होती, शहरात शिकलेली, जिभेची तिखट. तिला म्हणाला, "सगळ्या पेट्यांच्या पासवर्डात माझं नाव आहे. काढ आणि तुझं घाल."

"बाम्बो, जिवंत माणसाचं नाव पुसतात का? अपशकुन कसला करायला लावता?"

"मी मेल्यावर तू रडणार की पासवर्ड बदलणार?"

"दोन्ही करीन."

"नाही करणार. तुला खोलीत जाऊ देणार नाहीत."

ती डोळे पुसत कामाला लागली. एकेका दवाखान्याला जाऊन पेटी, परत येऊन कॉम्प्युटरवर तिचा ठिपका. नकोम्बेचं काम त्यानं तिला करू दिलं नाही. स्वतःची सायकल चालवायची ताकद नव्हती, म्हणून भाड्याच्या सायकलवर मागे बसून गेला. चढावर सायकलवाल्याला म्हणाला, थांब, मी उतरतो, तुला ओझं होतंय. उतरला आणि चालला.

पेटीचं काम झालं तसा नर्सच्या टेबलावरचा रिसीव्हर त्यानं उचलला. इकडे नवा पासवर्ड राखणदाराला देऊन बसलेल्या ताडालानं घेतला. मी व्हरांड्यातच होते.

"दिसलं का?"

"हिरवं आहे, बाम्बो."

"नीट बघ."

"बघितलं."

"बरं. आता ठेव, मग तू इकडे लाव. मी इथून उचलतो."

तिनं ठेवला आणि पुन्हा लावला. त्यानं उचलला.