आईचा गोठ आणि टायटॅनियमची पट्टी

जयगडच्या खाडीत कालवं काढताना आई खडकावरून घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. रत्नागिरीच्या इस्पितळात पोचेपर्यंत हात इतका सुजला की मनगटातला भरीव चांदीचा गोठ मांसात रुतून बसला. बोटं निळी पडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, गोठ कापावा लागेल, नाहीतर बोटांचं काही सांगता येत नाही.

आई म्हणाली, "कापायचा नाय."

मला बसवेना. खाट ते दार, दार ते खाट. दर फेरीला तिची बोटं बघत होते.

त्या गोठाशी माझं भांडण जुनं. आमच्या घरात देव नव्हते, चळवळीची पत्रकं होती. मी त्यांवरच वाचायला शिकले. जाडजूड चांदी ही आपल्या बायांवर लादलेली जातीची खूण आहे, ती फेका, हे मी शाळेत असल्यापासून तिला ऐकवत आले. पहिल्या पगारात मी तिला टायटॅनियमच्या मिश्रधातूचं कडं आणलं. तेवढ्याच चांदीच्या निम्म्याहून कमी वजन. काळं पडत नाही, पोचा येत नाही, चुलीपाशी चांदीसारखं चटकन तापत नाही. आईने ते हातात तोललं. "कुकरचा कान वाटतोय गो," म्हणाली आणि फडताळात टाकलं.

"आई, बोटं जातील! एका बेडीपायी?"

"बेडी?" तेवढ्या कळांतही तिचा आवाज चढला. "बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या आयेनं होती नव्हती ती चांदी सोनाराकडं आटवलीन. त्यातनं हा एक साधा गोठ केलान. जुनं काय ऱ्हायलं नाय त्यात. तुझ्या पत्रकांत हे नाय छापलं?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू इचारलंस कधी? तू नुसतं सांगतंस."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. माझे कान तापले, पण भांडायला वेळ नव्हता.

"मग आपणही आटवू. तुझ्या आईने आटवली तशीच. पुन्हा गोठ करू."

"फेकणार नायस?"

"नाही."

"मग काप म्हणावं."

सिस्टरने कातडी आणि चांदी यांच्यामध्ये पातळ पट्टी सरकवली आणि बारीक दात्यांचं चाक फिरवलं. चांदी मऊ. दोन ठिकाणी कापली गेली आणि गोठ उघडला. मनगटावर खोल वळ उठला होता.

"चांदी होती म्हणून बरं," सिस्टर म्हणाली. "मागे एकाच्या बोटात टायटॅनियमची अंगठी अडकलेली. हे चाक नुसतं घासत बसलं."

"ऐकलंस?" आई म्हणाली.

सूज उतरल्यावर हाडाला पट्टी बसवली. टायटॅनियमचीच. एक्स-रेत ती पांढरीशुभ्र दिसते, बाजूला स्क्रू. आई फोटो उजेडाला धरून म्हणाली, "शेवटी घातलंस तुझं कडं. आतून."

आता रोज संध्याकाळी मी तिच्या हातात मोज्याची गुंडाळी देते आणि ती दाबते. चार बोटं वळतात, करंगळी उभीच राहते. गोठाचे दोन तुकडे माझ्या पिशवीत आहेत, काळे पडत चाललेत.

"सोनाराकडं जा," आई म्हणते.

"मूठ मिटू दे, मग माप घेऊ."

"नाय मिटली तर?"

मी गुंडाळी पुन्हा तिच्या हातात देते. "दाब," म्हणते. ती दाबते. मी करंगळीकडे बघते.