दहाव्याचं मुंडण

डोक्यावरची गाठ तिसऱ्यांदा उगवल्याचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा बारामतीत ती साधं आवाळू म्हणून काढली. परत आली तेव्हा पुण्यात काढली, आणि तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला. "क्वचितच कुणाला होतो हा. लांब सहसा पसरत नाही, पण त्याच जागी परत येतो. बोटाला लागला की लगेच या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बोटाला लागला आणि मी लगेच टोपी विकत घेतली.

"वय झालं आता, शोभते," मी बायकोला म्हणालो.

"शोभत न्हाय, पण असू द्या."

तेवढ्यात कळंबचे चुलते गेले. आमच्या भावकीत दहाव्याला सगळेच पुरुष मुंडण करतात. चुलत्यांसाठी रडायचं सोडून मी सबबी शोधत होतो. एकही धड सुचली नाही. नदीकाठी रांगेत बसलो तेव्हा टोपी सगळ्यांच्या शेवटी काढली.

न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा फिरवला आणि थांबला. "अण्णा, हितं काय हाय वो?"

"चामखीळ."

"चामखीळ अशी नसती."

शेजारी बसलेला चुलतभाऊ अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं उठून माझ्या मागं आला. दोन्ही ऑपरेशनांना तोच सोबत होता.

"कवापासनं हाय?"

"दिवाळीपासनं."

"आन् आमाला टोपी दावतोय व्हय रं!"

रांगेतले दोघेतिघे हसले. तो हसला नाही. "बाप गेलाय माझा. आता तुझ्यासाठी पुन्यांदा हितं बसायची ताकद न्हाय माझ्यात."

बायकांच्या घोळक्यातून माझी बायको आली. तिनं गाठीवर बोट ठेवलं आणि ते काढेचना.

भावानंच एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन लावला. कार्य उरकताच आम्ही तिघं पुण्याला.

"तयारीनंच आलात की!" माझं तुळतुळीत डोकं बघून डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पेनानं गाठीभोवती गोल काढला. आरशात बघितलं तर गाठ हरभऱ्याएवढी आणि गोल पुरीएवढा.

"एवढं कापणार?"

"मागं कमी काढलं गेलं. आता कडेची चांगली कातडीही काढायची, आणि वर मांडीची लावायची."

मी मांडी हातानं झाकली. भावानं विचारलं, "परत न्हाई ना येणार?"

"सांगता येत नाही."

ऑपरेशन झालं, जखम भरली. तेव्हापासून अंघोळ झाली की बायको मला उजेडात बसवते आणि डोकं चाचपते. ती काही बोलेपर्यंत मी श्वास घेत नाही.