चुन्याच्या रेघेपलीकडे

"साहेब, रेघेच्या अलीकडं यायचं न्हाई."

छावणीचा अध्यक्ष, गावचा पाटील, हे हसत म्हणाला. बहात्तरचा दुष्काळ. शेवगाव तालुक्यातली गुरांची छावणी. मी पशुआहाराचं शिक्षण घेतलेला, सरकारने पाठवलेला माणूस. कडबा संपला होता. उसाची वाळकी चिपाडं, साखर कारखान्याची मळी आणि थोडासा खताचाच युरिया यांच्यावर जनावरं कशी जगवायची, ते शिकवायला आलो होतो. आलो त्या दिवशी कुणीतरी माझं गाव विचारलं. मग गावात घर कुठे, ते विचारलं. महारवाड्यात. दुसऱ्या सकाळी मळीच्या ड्रमाभोवती चुन्याची रेघ होती.

"तुमी तोंडानं सांगा. कालवायला आमचा गडी हाय. तुमचा हात लागला तर लोकं जनावराम्होरं टाकनार न्हाईत. मी काय करू?"

मी काय केलं? वही काढली आणि रेघेपलीकडून यादी वाचली. एक, युरिया वजन करूनच घ्या. दोन, आधी पाण्यात विरघळवा, खडा राहता कामा नये, खडा म्हणजे विष. तीन, मग मळी. चार, मग चिपाडांवर शिंपा. यादी चोख होती. मला तिचा अभिमानही वाटला.

तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी टँकर आला नाही. गड्याने पाणी कमी घातलं आणि काठीने ढवळलं. मी लांबून ओरडलो, "हात घाल! तळ बघ!"

"इरघाळलंय, सायेब. कशाला हात चिकट करू?"

तळाला खडे होते. तळाचं मिश्रण शेवटच्या रांगेपुढे गेलं.

थोड्या वेळात त्या रांगेतली जनावरं थरथरायला लागली. तोंडाला फेस, पोटं फुगलेली. मी रेघ ओलांडून धावलो. कुणी अडवलं नाही. युरियाच्या विषाला आंबट हाच उतारा, म्हणून चिंच कोळायला लावली, जबडे उघडून घशात ओतली. शिंगं धरायला पाटील स्वतः होता. दोघांचेही हात कोपरापर्यंत एकाच फेसात. काही जनावरं उठली. तीन बैल गेले.

हात धुऊन पाटील म्हणाला, "आता ह्यांना ओढायचं बघा. तुमच्याच लोकांचं काम हाय. आमी कसा हात लावनार?"

जिवंत बैलाच्या चाऱ्याला माझा हात चालत नव्हता. मेलेल्या बैलाला चालत होता.

माझ्या बापाने ढोरं ओढणं सोडलं, त्या वर्षी गावाने आमचं दळण गिरणीतून परत पाठवलं होतं. आईचे जात्यावरचे हात आठवले.

"ओढणार नाही. पोट फाडून बघेन. कशाने मेले ते लिहीन. ते माझं काम."

"लई शिकलाय!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

हौसाबाई हसली नाही. मेलेल्यातला एक बैल तिचा होता. म्हातारी उठून माझ्यापुढे आली.

"तळाला इख ऱ्हाईल, हे तुला ठावं हुतं ना रं?"

"हो."

"मग तिथं का हुबा ऱ्हायलास? कुनी चुना टाकला म्हनून?"

शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या होत्या. ही शिवी नव्हती. म्हणून परतवता आली नाही.

दुसऱ्या सकाळी मी ती रेघ पायाने पुसली. बाही वर केली आणि सगळ्यांदेखत ड्रमात हात घातला. "ज्यांना चालत नाही, त्यांनी आपली जनावरं सोडून न्यावीत." पाटील म्हणाला, तक्रार करतो. केली. एकाही माणसाने दावं सोडलं नाही. मनं बदलली नव्हती. चारा दुसरीकडे कुठेच नव्हता.

वरिष्ठांना अहवालात "अज्ञात रोग" हवा होता. मी लिहिलं: शिकवणाऱ्याला जातीमुळे ड्रमाजवळ येऊ दिले नाही. त्याखाली आणखी एक ओळ: आणि त्याने ते ऐकून घेतले. माझी बढती अडली. दोन्ही ओळी राहिल्या.

त्यानंतर जिल्हाभर चाराच शिकवत आलो. श्रीगोंद्यात, नेवाशात, जिथे बोलावलं तिथे. आता माझी पशुआहाराची पुस्तिका पुन्हा छापतायत. समिती म्हणते, पहिलं कलम गाळा, ते शास्त्रात बसत नाही. कलम असं आहे: शिकवणाऱ्याने स्वतःच्या हाताने तळ तपासावा, त्याला कुणी अडवलं तर त्या दिवशी ड्रम उघडू नये.

गाळणार नाही. शब्दही बदलणार नाही. ज्यांना गाळायचं असेल, त्यांनी आधी हौसाबाईचा बैल उठवून दाखवावा.