सुगीची गैरहजेरी

“यंत्राला माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून ते न्यायानं वागेल,” असं सिद्धप्पा मुलाखतीत म्हणाला होता. त्या एका वाक्यावर मिलच्या मॅनेजरांनी त्याला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. सत्त्याहत्तर साल होतं. कॉम्प्युटरची खोली गार, बाहेर सोलापूर तापलेलं.

मैंदर्गीच्या या पोराला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवतानाही पाय हलत. राहायला कुंभारीत, तिप्पण्णामामाकडे. मामा मिलमध्ये बदली कामगार. कायम कामगार आला नाही की मुकादम फाटकावरच्या गर्दीतून एखाद्याला आत घ्यायचा. कुणी तंबाखू मळून दिली, कुणी कमरेत वाकला, ते बघून. हे सिद्धप्पाला शाळेपासून डाचत होतं. त्यानं प्रोग्रॅम लिहिला: ज्याची हजेरी जास्त त्याला आधी बोलवायचं, ज्याची फारच कमी त्याचं नाव काढायचं. भोकं पाडलेली कार्डं आत गेली. मशीन खडखडलं.

पहिल्याच सोमवारी मामा फाटकावरून परत आला.

“सिद्धा, माजं नाव न्हाय म्हणत्यात की रं.”

“हजेरी कमी पडली, मामा.”

“सुगी न्हवती व्हय? ज्वारी काय तुजा मॅनेजर काढणार? मुकादम लई शिव्या घालायचा, पन सुगीवरनं आलं की कामाला उबा करायचा. आज आपल्या गावचा एकबी आत न्हाय. तुज्या मशीननं गाव बरूबर वळखलं बग!”

मामा हसला. सिद्धप्पा उभाच राहिला. लहानपणी तोही कणसं खुडायला जायचा. गार खोलीत बसून लिहिताना सुगी आठवलीच नव्हती.

तो मॅनेजरांकडे गेला. “साहेब, सुगीचे दिवस हजेरीतून वगळू या. थोडीच कार्डं बदलावी लागतील.”

“कशाला? उलट छान झालं. हे गावाकडं पळणारे लोक मला नकोच होते. मी काढले असते तर संप झाला असता. आता मशीनसमोर घोषणा देतील का?” मॅनेजर खुशीत होते. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. “बसा, सिद्धप्पा. तुम्हाला कायम करतोय. इथं सही.”

काचेपलीकडं मशीन चालू होतं. सिद्धप्पा सहीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग त्यानं दार ढकललं आणि सही न करता उन्हात निघून गेला.