हळदीसाठी मागितलेली कॅसेट
हिरड्याचा तुरट वास आला की मला आंबेगाव तालुक्यातलं आमचं छोटं वाचनालय आठवतं. नव्वदच्या दशकात मी तिथे ग्रंथपाल म्हणून नवीन होते. एका गुरुजींनी डोंगरातल्या गावांत भरून आणलेल्या गाण्यांच्या खोकंभर कॅसेट दिल्या होत्या, आणि नोंदवहीत ‘प्रकार’ या रकान्यात मी सरसकट ‘लोकगीत’ लिहून मोकळी झाले होते. एका दुपारी अवसरीचे एक गृहस्थ मुलीच्या हळदीला वाजवायला गाणी मागत आले. मी एक कॅसेट लावली. बायकांचा तो संथ सूर आम्हा दोघांनाही आवडला. तेवढ्यात हिरडा विकून एसटीची वाट बघत पायरीवर बसलेल्या, डोंगरातल्या आहुपे गावच्या एक बाई लगबगीने आत आल्या. “ही हळदीला नगा देऊ, बाई. माणूस गेल्यावर म्हणत्यात ही.” मी घाईने कॅसेट बंद केली. बाकीच्या ऐकाल का, असं मी कसंबसं विचारलं. त्यांनी एसटी जाऊ दिली. “ही भातलावणीची, ही बारशाची,” असं त्या सांगत गेल्या आणि मी ‘लोकगीत’ खोडून त्यांचे शब्द लिहीत गेले. हळदीची कॅसेट सापडली तेव्हा त्यांनी ती स्वतःच त्या गृहस्थांच्या हातात ठेवली. “ही वाजवा, भाऊ. पोरगी लई हसंल.” पुढे आयुष्यभर मी गाण्यांच्या नोंदी केल्या. गाणं कोण म्हणतं आणि कधी, हे आधी विचारायला मला त्या बाईंनी शिकवलं.