बाईंचा माठ आणि माझी काठी

"आधी पाणी प्या, मग बोलू."

असं म्हणून बाई माठाकडं वळायच्या, पेला भरून समोरच्याच्या हातात द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत चष्मा पुसत बसायच्या. भांडलेली पोरं असोत, नाहीतर तावातावानं आलेले पालक, पाणी सगळ्यांना सारखंच. तोंडाला पेला लावल्यावर माणूस किती वेळ चिडून राहणार? तुम्हीच करून बघा.

बाई भोरहून स्कूटीवर यायच्या. उत्रोलीच्या पुढं आमची वाडी, तिथं दोन खोल्यांची शाळा. पालकांना त्या पोरांच्या नावानं ओळखायच्या. मी म्हणजे 'ओंकारचे पप्पा'. टेम्पोवर एवढ्या हौसेनं रंगवून घेतलेलं माझं नाव त्यांनी कधी वाचलं नसावं.

आमच्याकडं पोराला शाळेत घातलं की बापानं गुरुजींना निरगुडीची काठी नेऊन द्यायची रीत होती. माझ्या वेळी आबांनी दिली होती, स्वतः तासून. आता मारायला कायद्यानं बंदी आहे हे मलाही ठाऊक होतं. पण ओंकार चौथीत गेला तरी सातच्या पाढ्यात अडकलेला. शेवटी मीही ओढ्याकाठची हिरवी काठी तोडली, पानं काढली आणि शाळेत गेलो.

"बाई, पोरगं तुमच्या हवाली. सोलून काढा. आमी काय म्हणणार न्हाई."

"आधी पाणी प्या."

प्यायलो.

"घरी मारता?"

"मारतो की. मीबी मार खाऊनच घडलो."

"घडलात म्हणजे काय झालात?"

उत्तर तोंडावर होतं. पण त्याच वेळी माझ्या टेम्पोचं मागचं चाक शाळेच्या गटारात रुतलेलं होतं आणि सगळी चौथी खिडकीतून ते बघत होती. मी विषय बदलला आणि जरा फुशारकीनंच सांगितलं, "पण बाई, माझा धाक लई आहे. टेम्पोचा हॉर्न ऐकला की ओंकार मागच्या दारानं पसार."

"मग तुम्ही त्याला बघता कधी?"

"झोपल्यावर."

बोलून गेलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं. बाईंनी पेला पुन्हा भरला.

बाईंचा एक नियम होता. काठी आणणाऱ्या बापानं ती शाळेच्या परसबागेत घेवड्याच्या आधाराला स्वतः रोवायची आणि त्याच्या पोरानं तिच्यावर वेल चढवायचा. तिथं आधीच काठ्यांची रांग उभी होती, म्हणजे शहाणा मी एकटाच नव्हतो. बाईंनी ओंकारला बोलावलं. तो आला, पण माझा हात पोचणार नाही एवढं अंतर राखून उभा राहिला. मी इस्त्रीच्या पॅन्टीत उकिडवा बसलो, माती उकरली आणि काठी ठोकली.

"पप्पा, उलटी रोवली."

"काठीला कसलं आलंय उलटं-सुलटं?"

"फुटव्याचे डोळे वर पाहिजेत. बाईंनी शिकवलंय." असं म्हणून तो फस्‌कन हसला आणि लगेच माझ्या हाताकडं बघू लागला.

हात चिखलानं भरलेला होता. माझं मलाच हसू आलं. मग तो जवळ आला, काठी उपटून सुलटी केली आणि बुंध्याची माती पायानं दाबली.

तरी पुढं काही दिवस हॉर्न वाजला की मागचं दार वाजायचंच. एका संध्याकाळी मात्र तो पुढच्या दारात उभा होता. "पप्पा, तुमच्या काठीला पानं फुटली." ते बघायला आम्ही टेम्पोनं गेलो. पुढं सातचा पाढा त्याच टेम्पोत पाठ झाला. तेराचा मला येत नाही, हेही त्याला तिथंच कळलं.

गेल्या वर्षी बाईंची वेल्ह्याकडं बदली झाली. निरोपाला मी भाषण करायला उठलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. बाईंनी पेला पुढं केला. सगळी वाडी हसली, बाईही हसल्या आणि मग चष्मा पुसत बसल्या. माठ मात्र त्या इथंच ठेवून गेल्या.

परवा ओंकारला घेऊन शाळेवरून चाललो होतो. निरगुडी आता कौलांना टेकलीय. नवे सर तिच्या सावलीत वर्ग घेत होते. कौतुकानं म्हणाले, "छान झाड आहे. कुणी लावलं?"

"पप्पांनी," ओंकार म्हणाला. "मला मारायला आणलं होतं."

सर माझ्याकडं बघतच राहिले. मी माठाकडं वळलो.

"सर, आधी पाणी प्या."